कोऱ्या वर्षाचं पाणी

"...म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर उद्याही येऊ शकतो, असंच ना?"

"येऊ शकतो, बुवा. उद्या आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतो. शंभर वर्षं म्हणजे पुराने दिलेली सुट्टी नव्हे. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ."

हेमांगीने हे पाढे म्हणावेत तसं सांगितलं. समोरच्या माणसानेच एकेकाळी कॉलेजात आपल्याला संख्याशास्त्र शिकवलं, हे ती जरा विसरलीच होती. सरांचे आता निरंजनबुवा झाले होते. नोकरी संपल्यावर त्यांनी तांबडी नदीकाठच्या टेकडीवरचा हा मठ धरला, तो धरलाच. हीच नदी का, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

हेमांगीचं नाव मोठं होतं. पूर कुठवर चढेल याचा अंदाज बांधावा तर तिनेच, असं लोक म्हणत आणि तिलाही ते पटलेलं होतं. खालच्या माळावर मुलींचं वसतिगृह व्हायचं होतं. माळ लाल पूररेषेच्या वर आहे, म्हणजे शंभर वर्षांच्या पुरालाही तो लागत नाही, असा दाखला तिने द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पायाभरणी. दाखला तयार होता, सही तेवढी राहिली होती.

सहीआधी बुवांच्या पाया पडावं म्हणून ती आली होती. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला आली होती.

"रेषा कशी काढलीस?"

"नदीतल्या मोजपट्टीवरची दर वर्षीची सगळ्यांत उंच पातळी घेतली. त्या आकड्यांवर वक्र बसवला, त्याचा आकार ठरवणारे प्राचल काढले. मोठ्या पुरांकडचं त्याचं शेपूट किती लांबतं, तेही तपासलं. इतका सुबक वक्र मी आजवर पाहिला नाही, बुवा! एक वर्ष सोडलं, तर आकडे सलग आहेत."

"एक वर्ष?"

"त्या वर्षी पट्टीचं वाचनच उपलब्ध नाही. वगळलं."

"गावात विचारलंस?"

हेमांगी हसली. "विचारलं की. कुणी म्हणतं, पाणी मारुतीच्या खांद्याला लागलं. कुणी म्हणतं, देवळाच्या कळसाला. लोकांच्या आठवणीतलं पाणी दर वर्षी हातभर चढतं. त्याचं मी काय करू?"

बुवा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि स्वयंपाकघरातून परात आणि तांदूळ मोजायचं पत्र्याचं मापटं घेऊन आले. मग भरलेली कळशी आणायला वळले, तेव्हा ती मदतीला उठू लागली. त्यांनी हातानेच तिला बसवलं.

परातीत मधोमध मापटं ठेवून त्यांनी कळशीची बारीक धार धरली.

"किती?"

"अर्धं."

आणखी धार.

"आता?"

"काठोकाठ."

बुवांनी कळशी उपडी केली. लोंढ्याने मापटं कलंडलं, परातीच्या काठावरून उडालं आणि घरंगळत भिंतीशी गेलं. पाणी जमिनीवर पसरलं. हेमांगीच्या साडीचा काठ भिजला, शेजारी ठेवलेला दाखलाही भिजला.

"आता किती?"

"आता... कसं सांगू? मापच वाहून गेलं."

"मग वगळू या?"

हेमांगी भिंतीशी पडलेल्या मापट्याकडे बघत राहिली. ते रिकामं होतं. नदी शहाण्यासारखी वागली त्या प्रत्येक वर्षाचा आकडा तिच्याजवळ होता. नदी पिसाळली, ते वर्ष तेवढं कोरं. आणि ते कोरं होतं म्हणूनच वक्र इतका सुबक बसला होता.

"त्या वर्षी मोजपट्टी वाहून गेली होती?"

"पट्टी गेली," बुवा म्हणाले. "पट्टी वाचायला गेलेला पुरुषोत्तमही गेला. माझा धाकटा भाऊ. वाचन चुकवायचं नाही, हा त्याचा हट्ट."

हेमांगीला रडू आवरेना. इतकी वर्षं ती या माणसाला गुरू म्हणत होती आणि त्याच्या घरातलं एवढं दुःख तिने एका शब्दात निकालात काढलं होतं. वगळलं!

डोळे पुसून ती ओसरीच्या कडेला गेली. ऊन कलतं होतं. खाली मारुतीच्या देवळाचा कळस दिसत होता. वसतिगृहाचा माळ कळसाच्याही खाली होता. मंडपाचे खांब उभे राहिले होते.

"बुवा, त्या वर्षाचा आकडा आता कुणालाच कळणार नाही. पण पट्टीच्या माथ्याहून जास्त, एवढं तरी लिहिता येतं. गावाने सांगितलेला कळसही धरता येतो."

"धरलास तर?"

"रेषा वर जाईल. माळ पाण्यात."

तिने ओला दाखला उचलला आणि फाडला. ओला कागद आवाज न करता फाटला. फाडून झाल्यावर मात्र तिचा धीर सुटला.

"उद्या सगळं गाव जमेल. पाहुणे येतील. मुली नवे कपडे घालून पुढे बसतील. माळ सुरक्षित आहे, असं मीच भर सभेत छातीठोक सांगितलं होतं, बुवा. आता त्याच लोकांसमोर उभं राहून म्हणू, की माझं माप चुकलं?"

बुवांनी भिंतीशी पडलेलं मापटं उचललं. उपरण्याने आतून-बाहेरून पुसलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं.

"चुकलं कशाला म्हणतेस? बुडालं म्हण."