वेशीवरची दोन पात्यांची कुऱ्हाड

एक होता राजा. पण राजाहून जुना होता त्याच्या वेशीवरचा दगड, बरं का. त्यावर एक कुऱ्हाड कोरलेली. दांडा एक, पाती दोन, जणू पंख पसरलेलं फुलपाखरू.

तिचा अर्थ सांगायचे धुंडिशास्त्री. राजाच्या आजोबांच्या वेळी पाऊस लांबला. मग तरण्या शास्त्रीबुवांनी सांगितलं, ही देवीची वीज. लोकांनी दगडावर दूध ओतलं, आणि पाऊस आला की हो. मग राजाचे वडील गादीवर बसले. आपल्याला सगळ्यांनी भ्यावं, असं त्यांना वाटे. मग शास्त्रीबुवांनी सांगितलं, एक पातं शत्रूसाठी, एक घरच्या चोरासाठी. ती खूण राजाचीच ठरली. दुसऱ्या कुणाच्या दारावर दिसली, तर त्याचा हात तोडायचा.

दोन्ही वेळा शास्त्रीबुवांची झोप उडाली. आपल्याला खरंच ठाऊक आहे का? पोथ्या चाळून चाळून डोळे शिणले, पाठ वाकली.

मग हा राजा आला. आणि एके दिवशी शिपायांनी धुरपाला धरून आणलं. धुरपा रानात लाकडं तोडायची. तिच्या दारावर तीच कुऱ्हाड सापडली होती. राजा कोवळा. त्याच्या जिवावर आलं. त्याने शास्त्रीबुवांना विचारलं, खूण राजाचीच ना?

हो म्हणावं, तर बाईचा हात जाणार. नाही म्हणावं, तर साठ वर्षांची अब्रू जाणार. म्हातारा काठी टेकत पुढे आला.

“महाराज, मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं.”

कुणीतरी म्हणालं, पोथीला वाळवी लागली वाटतं. सगळे हसले. शास्त्रीबुवा धुरपाकडे वळले. साठ वर्षांत लाकूड तोडणाऱ्याला विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

“बाई, तूच सांग.”

“त्यात काय सांगायचं, शास्त्रीबुवा? दुपारपर्यंत एक पातं बोथट व्हतं. मग कुऱ्हाड फिरवायची. आमच्यात लगीन झालं की दारावर कोरत्यात. एक दमलं की दुसऱ्यानं उठायचं. ही माझ्या आजीच्या लग्नातली. भ्यानं मातीनं लिंपली व्हती. औंदा पावसानं माती गळली.”

राजा गादीवरून उठला. मग त्याने धुरपाला सोडलं आणि तो कायदाही मोडला. शास्त्रीबुवांना विचारलं, दमलात?

“फार.”

मग राजाने दुसरे शास्त्री नेमले. धुंडिशास्त्री घरी गेले आणि भर दुपारी घोरू लागले. धुरपाच्या आळीत घरोघरी दारांवरची माती निघाली. सगळी सुखात राहिली.

आता तुमचीही ही कूस दमली असेल. वळा पाहू त्या कुशीवर.