धुक्यातल्या हाकेला ओ

फार फार पूर्वी म्हणता येणार नाही, पण घाटात गाडीरस्ता व्हायच्या कितीतरी आधी, एका घाटमाथ्यावर एक धर्मशाळा होती. चिमाक्का नावाची बाई ती सांभाळायची. येईल त्याला ती भाकरी वाढायची. जात-धर्म विचारत बसायची नाही.

त्या घाटात एक मोठं भय होतं. धुकं उतरलं की त्यातून हाकामारी नावाचं भूत हाक मारतं, तेही आपल्या माणसाच्या आवाजात. आणि जो ओ देतो तो रक्त ओकून मरतो, असं सगळे मानत. म्हणून धुक्यातल्या हाकेला कोणी ओ देत नसे. चिमाक्काचा नवरा या घाटातला वाटाड्या. एकदा धुक्यात पाय घसरून तो दरीत पडला आणि दुपारभर बायकोला हाका मारत राहिला. ती धावत सुटली, तर लोकांनी तिला धरून ठेवलं. "तो नव्हे गं, हाकामारी आहे ती!" धुकं निवळल्यावर तो सापडला, पण गार झालेला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. भावकीतल्या लोकांनी मेलेल्याला नाना गोष्टी कबूल करून पाहिल्या. शेवटी चिमाक्काने हात जोडले. "धनी, पुन्यांदा धुक्यातनं हाक आली तर म्या ओ दीन. मग माझं काय बी होवो." तसा एक कावळा उतरला. वचन तर देऊन बसली. पण जिवाची भीती कोणाला चुकली आहे? त्यानंतर धुकं दाटलं की ती आधी दाराला कडी घालायची.

एकदा भर दुपारी असं धुकं आलं की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना. त्या दिवशी धर्मशाळेत चौघे अडकले होते. एक शास्त्रीबुवा, एक फकीर, एक जैन शेटजी आणि एक वैद्य, ज्याचा कशावरच विश्वास नव्हता.

पोट भरलं की माणसाला आत्मा आठवतो. पिठलं-भाकरी हाणून झाली आणि शास्त्रीबुवांनी मांडी ठोकली. "आत्मा अमर आहे. घडा फुटला म्हणून आतलं आकाश फुटतं का?"

फकीर माळ ओढत शांतपणे म्हणाला, "रूह ही अल्लाहची ठेव आहे, बुवा. मेलेला माणूस कबरीत कयामतची वाट बघतो. दारोदार फिरत नाही."

"आमच्याकडे म्हणतात, जीव देह सोडताक्षणी पुढच्या जन्माला लागतो," शेटजी म्हणाले. "मागं वळून बघायला त्याला सवड कुठली?"

वैद्य खो खो हसला. "मी पुष्कळांना मरताना पाहिलंय. तेल संपलं की दिवा विझतो. ज्योत कोणत्या गावाला गेली, असं कोणी विचारतं का?"

मग काय, वाद असा पेटला की चुलीतली लाकडं विझत आली तरी कोणाचं लक्ष नाही.

आणि बाहेरून हाक आली.

"चिमे..."

चिमाक्काच्या हातातली परात खाली पडली. आवाज नवऱ्याचाच होता. तोच दमलेला, तोच हेल काढणारा. ती भिंतीला टेकून म्हणाली, "माजं धनी हैत."

शास्त्रीबुवांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाही," ते पुटपुटले. "ही माझी आई आहे. तिला जाऊन वीस वर्षं झाली."

फकिराची माळ थांबली होती. त्याला त्याचा केव्हाच वारलेला धाकटा भाऊ हाक मारत होता. शेटजींना त्यांची बाळंतपणात गेलेली लेक ऐकू आली, आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात दाबले. आणि इतका वेळ हसणारा वैद्य कोपऱ्यात सरकून लहान मुलासारखा अंग चोरून बसला.

हाक पुन्हा आली, या वेळी दाराला अगदी लागून. दारावर काहीतरी हलकेच घासलं.

आत्म्याबद्दल ज्या चौघांचं एकदाही जमलं नव्हतं, त्यांचं आता चटकन एकमत झालं. "दार उघडू नका!" शास्त्रीबुवांनी तर कडीवर पाठच टेकवली. "बाई, मराल!"

चिमाक्काला मरायची भीती होतीच. पण तेव्हा लोकांनी धरून ठेवलं होतं, आणि आजही तेच चाललं होतं.

"मरंन तर मरंन," ती म्हणाली. "सरका बुवा. माणूस असंल तर वाचंल. आन् भूत असंल तर त्ये बी कुणाचं तरी माणूसच हुतं की!"

तिने शास्त्रीबुवांना बाजूला लोटलं, "आले, आले!" अशी मोठ्याने ओ दिली आणि दार उघडलं.

धुक्याचा लोट आत आला. उंबऱ्याशी एक बाई पडली होती, चिंब भिजलेली, ओठ निळे पडलेले. पाऊल सुजून भोपळ्याएवढं झालेलं. अंग ओढत ओढत ती इथवर आली असावी.

तिला आत घेतल्यावर वैद्याला आपली विद्या आठवली. त्याने नाडी धरली. "जिवंत आहे! जाळ करा!" फकिराने आपलं कांबळं दिलं, शेटजी तिचे तळवे चोळू लागले, आणि शास्त्रीबुवा सोवळं विसरून चूल फुंकू लागले. बऱ्याच वेळाने बाईने डोळे उघडले.

"पोरी, हाका तू मारल्यास होय?" शास्त्रीबुवांनी हायसं वाटून विचारलं.

चिमाक्काने उजेडात तिचा चेहरा नीट पाहिला आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"ही खालच्या वाडीतली मुकी," ती म्हणाली. "जल्मापास्नं हिच्या तोंडातनं सबुद फुटला न्हाई."

दार उघडंच होतं. बाहेर धुकं होतं आणि एकही आवाज नव्हता.

"मग हाक कोणी मारली?" वैद्याने हळूच विचारलं. फकिराने मान खाली घातली. शेटजी डोळे पुसत होते.

चिमाक्काने नवऱ्याच्या आठवणीने एकदा बाहेर पाहिलं. मग ती मुकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "ज्यानं मारली त्याचं काम झालं," ती म्हणाली. "आता तुमी आपलं करा. तळवं चोळा, अजून गारच हैत."

तात्पर्य: मेल्यावर जीव कुठे जातो, याबद्दल माणसांची मतं खुशाल निरनिराळी असोत; दाराशी आलेला जीव वाचवायचा, याबद्दल दोन मतं असू नयेत.