बांध कुठून जाणार?

फार पूर्वी एका नदीच्या दोन्ही काठांना मिळून एक राज्य होतं. तिथे राजा नव्हता. लोकच आपला प्रमुख निवडत. आधी प्रत्येक काठ आपल्यातला एक माणूस ठरवी आणि मग त्या दोघांतून सगळं राज्य एकाला निवडी.

त्या वर्षी डाव्या काठावरून दोघं पुढे आले. एक श्रीरंगराव. ते बोलायला लागले की रडणारी मुलंही गप्प होत. दुसरी येसूआक्का, नाव चालवणारी. तिचं बोलणं तुटक आणि आवाज घोगरा. दोघांची जाहीर वादसभा भरणार होती. टेकड्यांवर हाकारे उभे राहून त्यांचा शब्द न् शब्द लांबच्या गावांना ओरडून सांगणार होते.

नदीलगतच्या वस्तीत तुळजा नावाची बाई राहत होती. आदल्या पुरात तिची गाय वाहून गेली होती. पुन्हा पूर आत येऊ नये म्हणून नवा प्रमुख नदीकाठाने बांध घालणार, हे ठरलेलंच होतं.

तुळजाची जाऊ म्हणाली, "सभेत ऐकू आणि ठरवू. तिथे कळेलच कोण भारी ते."

"तिथे कोण छान बोलतं ते कळेल," तुळजा म्हणाली. "मला माणूस बघायचाय. मी आधीच जाऊन विचारते."

ती श्रीरंगरावांकडे गेली. "बांध कुठून जाणार?"

"ताई, तुमच्या वस्तीला धक्का लावीन का मी? बांध मागच्या बागेतून जाईल. शब्द देतो!"

तुळजाचा जीव भांड्यात पडला. तरीही ठरवल्याप्रमाणे ती घाटावर येसूआक्काकडे गेली.

आक्का नावेतलं पाणी उपसत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या वस्तीतूनच जाणार. तिथे खाली खडक आहे. बागेखाली नुसती वाळू, बांध टिकायचा नाही. तुम्हाला वर माळावर जागा देईन. पण घर मोडावं लागेल."

"माझ्या सासऱ्यांनी बांधलंय ते!" तुळजाचे डोळे भरून आले.

"माहितेय. म्हणून खोटं सांगत नाही."

तुळजा रागानेच निघाली. वाटेत बागेचा मालक भेटला. तो खुशीत होता. "श्रीरंगरावांनी शब्द दिलाय," तो म्हणाला, "माझ्या बागेला हात लावणार नाहीत. बांध तुमच्या वस्तीतून नेणार!"

तुळजा जागीच थबकली. "मला तर त्यांनी तुमच्या बागेतून नेतो म्हणून सांगितलं."



वादसभेला मैदान तुडुंब भरलं. श्रीरंगराव नदीमाईवर असं बोलले की टाळ्या थांबेनात. त्या थांबल्या तेव्हा तुळजा उभी राहिली. सगळ्यांदेखत तिने विचारलं, "बांध कुठून जाणार?"

"कुणाचंही नुकसान होणार नाही, ताई!" पुन्हा टाळ्या.

"ते नाही विचारलं. वस्तीतून की बागेतून?"

श्रीरंगरावांनी गर्दीत बघितलं. एकीकडे वस्ती बसली होती, दुसरीकडे बागेचा मालक. सगळ्यांना रिझवणाऱ्या त्या माणसाला एवढं साधं उत्तर देता येईना.

आक्का उठली. "वस्तीतून. या बाईला मी तोंडावर सांगितलंय." वस्तीतल्या लोकांनी हुर्यो केली. ती तशीच उभी राहिली. हाकाऱ्यांनी तिचं उत्तर टेकड्यांपलीकडे पोचवलं.

मग निवड झाली. रीत अशी, की जो पसंत असेल त्याच्यामागे जाऊन उभं राहायचं. तुळजा आक्काच्या मागे जाऊन उभी राहिली.

जाऊ किंचाळली, "वेडी झालीस? घर जाईल आपलं!"

"जाईल," तुळजा म्हणाली. "पण आक्का वर जागा देईन म्हणाली आहे, तीही मिळेल. ती सगळ्यांना एकच सांगते."

बागेचा मालकही तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "श्रीरंगरावांनी मला दिलेला शब्द उद्या ते तिसऱ्यालाही देतील," तो पुटपुटला. मग एकेक करत माणसं सरकू लागली. वस्तीही उठली, रडतकढत का होईना.

डाव्या काठाने आक्काला निवडलं आणि पुढे सगळ्या राज्यानेही. घर मोडायच्या दिवशी तुळजा खूप रडली. आक्काने मुख्य वाशाचं एक टोक खांद्यावर घेतलं आणि माळापर्यंत वाहून नेलं.

पुढच्या पावसात नदी पुन्हा फुगली. पाणी बांधाला धडकलं आणि मागे वळलं. वस्तीच्या मुलांनी माळावरून ते बघितलं आणि ती पुन्हा खेळायला पळाली.

तात्पर्य एवढंच: माणूस निवडताना तो किती गोड बोलतो हे बघू नका, ज्याचं नुकसान होणार आहे त्यालाही तो तेच उत्तर देतो का, ते बघा.