उलट फिरवलेल्या खुर्च्या

एकदा एका वृद्ध गुरुजींनी भरल्या सभागृहात सगळ्यांना आपापल्या खुर्च्या उलट फिरवायला लावल्या, त्याची ही गोष्ट.

गुरुजी गावातल्या वाचनालयाचे कार्यवाह होते. हेरंब हा त्यांचा शिष्य; पस्तिशी उलटली तरी त्यांच्यासमोर शिष्यच. कचेऱ्यांनी टाकून दिलेले संगणक आणायचे, त्यांवर लिनक्स ही सर्वांसाठी मोफत आणि खुली असलेली प्रणाली बसवायची आणि त्यांना पुन्हा कामाला लावायचं, ही विद्या त्याने गुरुजींकडूनच घेतली होती. ‘हे यंत्र म्हणाल ते करतं,’ असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला छातीठोकपणे सांगे.

त्याच भरात त्याने भागीरथीबाईंना शब्द देऊन टाकला. बाई एके काळच्या संगीत नाटकांतल्या नायिका, वय ब्याऐंशी. आयुष्य रंगमंचावर गेलं, पण स्वतःला तिथे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या एका नाटकाचं जुनं चित्रीकरण नुकतंच एका ऑनलाइन सेवेवर आलं होतं. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर त्यांच्या डोळ्यांना काही दिसेना. “आजी, रविवारी वाचनालयात या,” हेरंब म्हणाला, “भिंतीएवढं दाखवतो!”

रविवारी बाई ठेवणीतली नऊवारी नेसून, अबोलीचा गजरा माळून आल्या आणि संकोचाने अगदी मागच्या रांगेत एकट्याच बसल्या. सत्तर माणसं जमली होती. हेरंबने कळ दाबली. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘आपल्या संगणकावर हा कार्यक्रम पाहता येणार नाही.’

आधी एकदा लावून पाहावं, हे त्याला सुचलंच नव्हतं. आपल्याच यंत्रावर अविश्वास दाखवायचा तरी कसा!

मग त्याची खटपट सुरू झाली. पडद्यावर नायिकेऐवजी एक काळी चौकट आली आणि तिच्यातून संगणकी आज्ञांच्या हिरव्या ओळी भराभर सरकू लागल्या. पहिल्या रांगेतले एक काका त्या मन लावून वाचत होते; त्यांना ती कलाकारांची नावं वाटली. तासभर हेच चाललं.

“हे सेवावाले मुद्दाम करतात, गुरुजी!” हेरंबचा आवाज चढला. “यंत्र धडधाकट, इंटरनेट चांगलं. केवळ लिनक्स आहे म्हणून आम्हाला दारातून परत पाठवतात!”

गुरुजी उठले. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला आणि म्हणाले, “मंडळी, उठा. खुर्च्या उलट फिरवा.”

हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्च्या करकरल्या; मागच्या रांगेतल्या बाईंची तेवढी होती तशीच राहिली. आणि सत्तर माणसांसमोर आता भागीरथीबाई होत्या.

“बाई, पहिल्या अंकात तुमचा प्रवेश कसा होता हो?” गुरुजींनी विचारलं.

“इश्श, आता कुठलं!” बाई म्हणाल्या खऱ्या, पण बोटं पदराशी ताल धरू लागली होती. त्या उठल्या, मान किंचित वळवली आणि गायल्या. एका ठिकाणी आवाज फाटला, तशा स्वतःच हसल्या आणि तेच पद खालच्या पट्टीत उचललं. सभागृहातून आरोळी उठली, “वन्स मोअर!”

गुरुजी हेरंबजवळ आले. “तुझा राग खोटा नाही. त्या कंपनीला पत्र लिही, खाली मीही सही करतो. पण लिनक्स आपण का धरलं? कुणाच्या परवानगीवाचून आपलं काम चालावं म्हणून. आणि आज इतक्यांचा आनंद तू एका परवानगीवर टांगून ठेवलास. अरे, या बाईंकडे पाठ करून तू तासभर त्यांनाच शोधत होतास.”

हेरंबने धावत जाऊन कपाटातला कॅमेरा आणला. “आजी, तुमचं चित्रीकरण करू?”

“कर की! थांब, गजरा सारखा करू दे.”

अर्ध्या तासाने खुर्च्या पुन्हा सरळ झाल्या. बाईंना पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं. हेरंबने कळ दाबली. या वेळी यंत्राने कुणालाच काही विचारलं नाही. भिंतीएवढ्या पडद्यावर भागीरथीबाई आल्या.

“अगंबाई! मान अजून तश्शीच वळते की माझी!” खुर्चीतल्या भागीरथीबाई म्हणाल्या. पद संपलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी त्याच ओरडल्या, “वन्स मोअर!”

हेरंबने डोळे पुसले आणि हसत हसत पुन्हा कळ दाबली.