ठशाची जागा

"आता तरी सांगा मिस्त्री, माझ्या हातात अजून उणं काय आहे?"

कोंडाजी मिस्त्री सिन्नरला लेकीकडे चार दिवस राहून नुकतेच परतले होते. पिशवी अजून खुंटीला लागली नव्हती, आणि निवृत्ती पुढ्यात उभा.

"पाणी तरी पिऊ दे."

"प्या. पण सांगा."

मिस्त्री पाणी प्यायले. मग पिशवी खुंटीला लावली.

देवळाली कॅम्पात हे दोघे तंबाखू ओढायचे लाकडी पाइप घडवत. शिसवीची वाटी, शिंगाची दांडी. काम मनासारखं उतरलं की मिस्त्री पाइपच्या खालच्या अंगाला एक बारीक ठसा ठोकत. नुसतं 'को' एवढंच अक्षर.

निवृत्तीच्या 'नि'चा ठसाही तयार होता. मिस्त्रींनी तो स्वतःच कोरून खणात ठेवला होता. त्याला सहा वर्षं झाली. खण रोज उघडायचा, ठसा काही बाहेर यायचा नाही.

आणि निवृत्ती काही ऐरागैरा नव्हता. पॉलिश पेपर मारण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

"बघू," मिस्त्री म्हणाले.

"तुमच्या 'बघू'त माझे केस पिकायचे."

"माझे पिकलेच की."

निवृत्ती हसला. आज त्याला राग येणार नव्हता. टेबलावर पिवळ्या फडक्यात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं.

"खांबेटे डॉक्टरांच्या बाई येतील आत्ता. त्यांच्यासमोरच उघडतो. मग बोला तुम्ही."

मिस्त्रींनी फडक्याकडे पाहिलं.

"काय काम होतं?"

"दांडी सैल झाली होती."

"मग तीन मिनिटांचं काम."

"तीन दिवस लावले," निवृत्ती अभिमानाने म्हणाला.

तेवढ्यात बाई आल्याच. छत्री दाराशी टेकवली आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. डॉक्टरांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"झाला का हो? उगाच घाई करतेय. पण घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं."

निवृत्तीने फडकं उलगडलं.

पाइप काय दिसत होता! शिसवीची रेघन् रेघ उठून आली होती. मेणाची झिलई अशी की खिडकी तीत दिसावी. मिस्त्रींच्याही भुवया वर गेल्या. निवृत्तीने ते बरोबर टिपलं.

बाईंनी पाइप हातात घेतला. दांडीच्या टोकावरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा, सावकाश, डाव्या बाजूने.

मग वाटीच्या काठावर बोट नेलं. मग पाइप नाकाशी धरला…

"हा नाही," त्या म्हणाल्या. "आमचा कुठेय?"

"हाच की, बाई! दांडीवर दातांचे खड्डे पडले होते, ते काढले. काठ एका बाजूला जळका होता, तो उतरवला. आतली काजळी खरवडून स्पिरिटने धुतली. अगदी नवा करून दिलाय."

"हो का…"

बाईंनी पाइप टेबलावर ठेवला. फार जपून ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवतात तसा.

"सुंदर झालाय हो. मेहनत घेतलीत तुम्ही."

"मग नेताय ना?"

"राहू दे इथेच."

त्या उठल्या. दारातून दोन पावलं परत आल्या. निवृत्तीला वाटलं, पाइप न्यायला आल्या. त्या छत्री न्यायला आल्या होत्या.

निवृत्ती पिवळ्या फडक्याची घडी घालत राहिला.

"मी वाईट काही केलं नाही, मिस्त्री…"

"नाही."

"चांगलंच करायला गेलो होतो."

"हं."

बाई अंगठ्याने काय शोधत होत्या, ते निवृत्तीला आत्ता कळत होतं. आणि ते त्याने पॉलिश पेपरने घासून, भुगा करून, केरात झाडून टाकलं होतं. केर परवाच गेला होता.

"मिस्त्री, डाव्या बाजूला दोन खड्डे होते. मला आठवतात. कानशीने पुन्हा पाडू का? काठ मेणबत्तीवर धरला तर…"

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"आणि दात कुणाचे आणशील?"

निवृत्तीने मान खाली घातली. आपण हे विचारलं तरी कसं, याचीच त्याला लाज वाटली.

मिस्त्रींनी पाइप उचलला, उलटा केला. खालच्या अंगावर एका जागी त्यांचा अंगठा थांबला. तिथेच थांबून राहिला.

"हा कुणी घडवला होता, ठाऊक आहे?"

"नाही…"

मिस्त्रींचा अंगठा त्या जागेवरून हलला नाही.

निवृत्तीला एकदम आठवलं. तिथे काहीतरी होतं. झिजलेलं, मळ भरलेलं. त्याला वाटलं ओरखडा असेल. सगळ्या अंगासारखी तीही जागा त्याने घासून सपाट केली होती. तिथे तर त्याने जरा जास्तच जोर लावला होता.

"मिस्त्री… तुमचा ठसा?"

"डॉक्टर नवे आले होते कॅम्पात. मीही नवाच होतो. माझा पहिलाच."

त्यांनी एवढंच सांगितलं, तेही भिंतीकडे पाहत.

निवृत्तीचे डोळे भरून आले. वाटलं, मिस्त्रींनी आता हातोडी उचलून फेकावी, शिव्या घालाव्यात, हाकलून द्यावं. काहीतरी करावं.

मिस्त्रींनी खण उघडला. आत हात घालून थोडं चाचपडले. मग 'नि'चा ठसा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. शेजारी हातोडी ठेवली. पाइप उलटा करून, ती गुळगुळीत जागा वर करून, त्याच्या पुढ्यात सरकवला.

निवृत्ती मागे सरला. सहा वर्षं ज्या ठशासाठी जीव टाकला, त्याला हात लावायची हिंमत होईना.

"नको, मिस्त्री… पाया पडतो. ह्याच्यावर नको."

"मार," कोंडाजी मिस्त्री हळूच म्हणाले. "ह्यात आता दुसऱ्या कुणाचं काही राहिलेलं नाही."