पिवळ्याखालचं पांढरं अस्तर

एका गावात येसबा नावाचा एक भोळा भाऊ होता. भाऊ अशासाठी, की मालन ही धाकटी बहीण सोडली तर त्याच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. दारात वडिलांची जुनी काळी मोटार तेवढी होती.

मालनचं लग्न ठरलं. सासरी ती त्याच मोटारीतून जाणार होती.

"काळ्या गाडीतून मी नाही जायची दादा," मालन म्हणाली. "पिवळी कर."

येसबानं डबा आणला, ब्रश आणला आणि काळ्यावर सरळ पिवळा फासला. गाडी शेवाळ धरल्यासारखी दिसायला लागली. मालनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

येसबा धावत रंगाच्या दुकानात गेला. दुकानदार अत्तारचाचा म्हणाले, "काळ्यावर पिवळा उठेल कसा? करडं अस्तर दिलंस तरी मळकटच दिसेल. पिवळ्याच्या खाली नेहमी पांढरं अस्तर लागतं."

"खाली पांढरं, खाली पांढरं," असं घोकत येसबा घरी आला. गाडीखाली शिरला. उताणा झोपून त्यानं गाडीचं बूड पांढरंफेक केलं. निम्मा रंग बुडाला लागला, निम्मा मिशांना.

संध्याकाळी चाचा बघायला आले आणि कपाळाला हात लावून बसले. "खाली म्हणजे बुडाला नव्हे रे बाबा! जिथं पिवळा यायचा, तिथंच आधी पांढरं. चांगले दोन हात दे."

"दोन पुरेत?"

"दोन बास."

येसबानं दोन्ही पंजे डब्यात बुडवले आणि बॉनेटवर उमटवले. एक डावा, एक उजवा.

"अरे, तुझे हात नव्हेत!" चाचा ओरडले. "हात म्हणजे ब्रशचा! सगळ्या अंगावरून ब्रश फिरवायचा, तो झाला एक हात. तो वाळला की दुसरा. आणि ओलं असताना कुणाला शिवू द्यायचं नाही."

आता कुठे येसबाला समजलं. दुसऱ्या दिवशी तो मन लावून गाडीला हात देत होता. तेवढ्यात लग्नाला आलेले मामा मांडवाच्या खड्ड्यात पाय अडकून आडवे झाले.

"येसबा, हात दे रे!"

"एक का दोन?"

"दोन्ही दे, लवकर!"

येसबानं ब्रश बुडवला आणि मामांच्या टोपीपासून धोतरापर्यंत फिरवला. "पडून राहा मामा. हा वाळला की दुसरा देतो."

मामांची बोंब ऐकून मालन धावत आली. "दादा! माणसाला न विचारता रंग लावतात का?"

येसबा वरमला. "चुकलंच माझं. आता विचारल्याशिवाय नाही लावायचा."

पण गाडी मात्र झाली देखणी. पांढऱ्यावर पिवळा असा खुलला, की सगळी आळी बघायला लोटली. मालन टाळ्या पिटत नाचली. चाचा म्हणाले, "शिकलास रे!" येसबाची छाती फुगली.

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड आलं. नवरदेव हळदीला पाटावर बसले, हळद डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे गच्च मिटून. बायका आत हळदीची वाटी आणायला गेल्या.

येसबानं नवरदेवाकडे निरखून पाहिलं आणि त्याच्या काळजात धस्स झालं. पिवळं लावणार, आणि खाली अस्तरच नाही! मालनचा नवरा शेवाळलेला दिसला तर ती पुन्हा रडेल.

तो डबा घेऊन धावला. पण या वेळी त्यानं आधी रीतसर विचारलं.

"पाव्हणं, देऊ का हात?"

नवरदेवांना वाटलं, हळद आली. डोळे मिटूनच ते हसले. "द्या की दादा, चांगला सढळ द्या!"

बायका वाजतगाजत वाटी घेऊन बाहेर आल्या, तर पाटावर नवरदेव शेंडीपासून अंगठ्यापर्यंत पांढरेशुभ्र. वाजंत्री थांबली. भटजी किंचाळले, "अहो, मुहूर्त टळतोय! पुसा, पुसा त्यांना!"

येसबा दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला.

"खबरदार कुणी शिवाल तर! अजून एकच हात झालाय!"