कड्याकडे रोखलेली लेन्स

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध छायाचित्रकार राहत असत. लोक त्यांना दामूअण्णा म्हणत. मंदाकिनी नावाची शिवणकाम करणारी एक स्त्री त्यांच्याकडे ही विद्या शिकायला येई. तिच्याजवळ दूरचे टिपणारी एक जुनी, स्वस्तातली लेन्स होती. तिचा फोकस हातानेच फिरवून साधावा लागे.

त्या वर्षी गावासमोरच्या कड्याला सुरुंग लावून दगड काढण्याचे घाटत होते. कड्यावर गिधाडांचे घरटे आहे, असे मंदाकिनीने वनाधिकाऱ्यांना सांगितले. ते म्हणाले, "पिल्लू असेल तर काम थांबवतो. पण बाई, पुरावा हवा. सोमवारपर्यंत फोटो आणा."

मध्ये खोल दरी. जवळ जाणे अशक्य. सहा दिवस ती अलीकडच्या टेकाडावर बसून राहिली. पिल्लू कपारीत दडलेले असे. आई आली की क्षणभरच मान बाहेर काढी. नेमकी तेव्हाच मंदाकिनीची बोटे लेन्सवरचे फोकसचे कडे घाईने फिरवत आणि फोटो धूसर येई.

रविवारी दामूअण्णा सोबत आले. गावातले एक व्यापारीही मदतीला आले. त्यांची लेन्स नवी, आपोआप फोकस साधणारी. "ताई, ही वापरा," ते आपुलकीने म्हणाले.

"तुम्हीही काढा, शेठ. ती तिच्याच लेन्सनं काढेल," असे म्हणून अण्णांनी मंदाकिनीला विचारले, "गिधाड उतरतं कुठं?"

"कपारीच्या तोंडाशी, त्या पांढऱ्या दगडावर. रोज तिथंच."

"मग त्या दगडावर फोकस लाव."

तिने लावला. अण्णांनी खिशातून चिकटपट्टी काढली आणि फोकसचे कडे घट्ट चिकटवून टाकले.

"अण्णा! आता मी फिरवू कशी?"

ऊन चढले. गिधाड आले. समोरचे गवत वाऱ्याने डोलत होते. व्यापाऱ्याची लेन्स कधी गवतावर थांबे, कधी कड्यावर. मंदाकिनीला फिरवायला काही उरलेच नव्हते. तिने श्वास रोखून कळ दाबली. पांढऱ्या दगडावर आई, आणि तिच्या चोचीकडे मान उंचावलेले पिल्लू. पीसन्‌पीस स्पष्ट!

अण्णा शांतपणे म्हणाले, "पक्षी कुठं आहे, हे शेठच्या लेन्सला दर वेळी नव्यानं शोधावं लागतं. तुला ते सहा दिवसांत कळलं होतं. पण ऐन वेळी तुझा स्वतःवरचा विश्वास सुटायचा आणि हात कडं फिरवायचा. ती पट्टी मी तुझ्या घाईला लावली, पोरी."

व्यापाऱ्याने कॅमेरा खाली ठेवला. "ताई, मला शिकवाल?"

सोमवारी मंदाकिनी आणि अण्णा फोटो घेऊन वनाधिकाऱ्यांच्या कचेरीत गेले. अधिकाऱ्यांनी काम थांबवण्याच्या आदेशावर सही केली. फोटो निरखत ते म्हणाले, "अण्णा, हात तुमचाच दिसतोय."

वृद्ध अण्णा खुर्चीतून उठले. "नाही साहेब. मला हा साधला नसता. हा मंदाकिनीबाईंचा फोटो."

इतक्या वर्षांत अण्णांनी तिला असे कधीच संबोधले नव्हते. तिची मान खाली गेली नाही.

"हो साहेब," ती म्हणाली, "मीच काढलाय."